मोठ्या वयाचं मूल दत्तक घेताना : नागपूर-विदर्भातले अनुभव, माहिती, शंका

मानेवाडा_रिंगरोड

नागपुरातल्या आणि आसपासच्या लोकांसाठी हा धागा काढते आहे. दत्तकाबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते जवळपास सगळं तान्ह्या बाळांबद्दल असतं. सहा, नऊ, बारा वर्षांच्या मुलांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, आणि सगळ्यात जास्त वाट तीच पाहतात.

२०२४-२५ मध्ये देशभरात ४,५१५ मुलं दत्तक गेली. तोपर्यंतच्या बारा वर्षांतला हा सगळ्यात मोठा आकडा. पण नोंदणी करून थांबलेले पालक छत्तीस हजारांच्या वर होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना दोन वर्षांच्या आतलं, धडधाकट बाळ हवं असतं. बाळासाठी तीन-साडेतीन वर्षं थांबलेलं जोडपं आणि त्याच शहरात आईबापांसाठी थांबलेलं नऊ वर्षांचं मूल, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

आमची मुलगी घरी आली तेव्हा आठ वर्षांची होती. तिची आधीची कहाणी इथे लिहिणार नाही, व्यनित, म्हणजे व्यक्तिगत निरोपातही, विचारू नका. ती तिची आहे, मोठी झाल्यावर वाटलं तर सांगेल. घरी आल्यानंतरचं मात्र सांगते, कारण ते आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

पहिली गोष्ट म्हणजे ती परवानगी मागायची. पाणी पिऊ का, पंखा लावू का, संडासला जाऊ का. फ्रिज आपल्या हाताने उघडायचा असतो हे तिला माहीतच नव्हतं. संध्याकाळी सातला ताट समोर आलं नाही की ती कावरीबावरी व्हायची, कारण संस्थेत सातला घंटा व्हायची आणि घंटा चुकली तर काहीतरी बिघडलेलं असायचं. कपड्यांच्या घड्या मात्र अशा घालायची की माझ्या सासूबाई बघत राहायच्या. कपडे कपाटात ठेवायला तयार नव्हती. सगळे दप्तरात भरून दप्तर उशाशी. आम्ही ते दप्तर हलवलं नाही. कपाटातला एक कप्पा रिकामा ठेवला, तो तिचा आहे एवढं एकदा सांगितलं आणि विषय सोडून दिला.

तिच्यासाठी आम्ही वेगळी खोली सजवली होती. तिथे ती एक रात्रही झोपली नाही. आयुष्यभर दहा-बारा मुलींच्या रांगेत झोपलेल्या मुलीला एकटी खोली म्हणजे शिक्षा वाटली. मे महिना होता. आम्ही हॉलमध्ये कुलरसमोर ओळीने गाद्या घातल्या, आजी, ती, मी, बाबा. जूनमध्ये पाऊस आला तरी गाद्या तिथेच होत्या.

सगळ्यात अवघड होतं तिचं दुःख, आणि ते संस्था सुटल्याचं होतं. लोकांना वाटतं मूल अनाथालयातून घरात आलं म्हणजे आनंदीआनंद. तिची तिथे एक मैत्रीण होती, जिची वेणी ती रोज घालायची. गोकुळपेठेच्या बाजारात रिबिनी दिसल्या आणि ती भर रस्त्यात रडायला लागली. आम्ही संस्थेच्या ताईंशी बोलून दर आठवड्याला फोन ठरवला. काही नातेवाईक म्हणाले, जुनं तोडा, नाहीतर रुळणार नाही. माझं मत नेमकं उलट आहे. आठ वर्षांचं मूल आठ वर्षांचं आयुष्य घेऊन येतं. त्या आयुष्याला घरात जागा नसेल तर त्या मुलालाही नाही.

ज्यांनी हा विचार केला आहे, करत आहेत किंवा करून थांबले आहेत, त्यांनी लिहा. शंकाही लिहा.

---

निशिगंध

ताई, दप्तराचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमचं लग्न होऊन नऊ वर्षं झाली, उपचार सगळे करून झाले. आता दत्तकावर आलो आहोत. नवऱ्याचं वय ४३, माझं ४०. आम्हाला मोठं मूलच घ्यावं लागेल का? प्रक्रिया कुठून सुरू होते?

---

पळसफूल

मी बालसंरक्षणाच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून उत्तर देते.

नोंदणी फक्त केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या, पोर्टलवर. संस्थेतल्या मुलासाठी दुसरा कुठलाही रस्ता नाही. दवाखान्यातली ओळखीची नर्स, गावाकडची बाई, कुणाच्याही मार्फत परस्पर मूल घेऊ नका. मूल विकणं किंवा विकत घेणं हा बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीनंतर समाजसेविका घरी येते आणि गृहभेटीचा अहवाल तयार होतो. नागपुरात काही अडलं तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, तिथे माणसं समजावून सांगतात.

वयाचं गणित २०२२ च्या नियमावलीत आहे. नवरा-बायकोच्या वयांची बेरीज करायची. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ती ८५ पर्यंत हवी, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १००, आठ ते अठरासाठी ११०. एकट्या पालकाला याच क्रमाने ४०, ४५, ५० आणि ५५. शिवाय मूल आणि प्रत्येक पालक यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर. तुमची बेरीज ८३, त्यामुळे आज तुम्ही सगळ्या गटांत बसता. पण बाळाच्या रांगेत बरीच वर्षं थांबावं लागतं, हे लक्षात ठेवून ठरवा.

फक्त एक विनंती. 'बाळ मिळत नाही म्हणून मोठं घेऊ' असा विचार असेल तर थांबा. मोठ्या मुलाला ते पहिल्या आठवड्यात कळतं.

---

वऱ्हाडी_ठेचा

मी वाईट बोलून नाही राहिलो, मनातली गोष्ट सांगून राहिलो. लहान लेकरू असलं तर त्याले वळण लावता येते. नऊ-दहा वर्षांचं पोट्टं, त्याच्या डोक्यात आधीचं सगळं बसलेलं राह्यते. उद्या ते म्हणन, तुमी माहे कोण? माह्या मावसभावाने असाच विचार सोडून देल्ला. त्याची माय म्हणे, रक्त ते रक्तच. मले सांगा, हे भेव खोटं हाय का?

---

मानेवाडा_रिंगरोड

भाऊ, भेव खोटं नाही. तुम्ही उघड विचारलं ते बरं केलं, कारण हाच प्रश्न लोक आमच्या पाठीमागे विचारतात.

'तुम्ही माझे कोण' हे आमच्या मुलीने म्हटलं आहे. रागात, दार आपटून. माझ्या नणंदेची पोटची मुलगी चौदा वर्षांची आहे, तीही आपल्या आईला याहून वाईट बोलते. फरक एवढाच की नणंदेला ते ऐकून तिथल्या तिथे राग येतो आणि संध्याकाळी विसरायला होतं. मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी मी तिला नेहमीसारखा डबा भरून दिला. तिने शाळेत जाताना मागे वळून पाहिलं, मी दारात आहे की नाही ते. तेवढंच तपासायचं होतं तिला.

वळणाचं म्हणाल तर तिला आधीच वळण आहे. ती ताट घासून ठेवते, लहान मुलांना सांभाळून घेते, कुणी रडत असेल तर त्याच्या शेजारी जाऊन न बोलता बसते. हे आम्ही शिकवलेलं नाही. ज्यांनी तिला लहानपणी जपलं, संस्थेतल्या त्या ताईंनी आणि तिच्याच वयाच्या मुलींनी, त्यांचं ते आहे. आम्हाला ते आयतं मिळालं आणि आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

रक्ताबद्दल मी वाद घालणार नाही. सासूबाईही सुरुवातीला तेच म्हणायच्या. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली सगळी पोरं लाकडी बैल घेऊन निघाली, तेव्हा त्यांनी स्वतः नागपुरातल्या महाल भागातून बैल आणला, त्याच्या शिंगांना बेगड लावली आणि नातीला घेऊन दारोदार फिरल्या. लोकांनी विचारलं, ही कोण? त्या म्हणाल्या, आमच्या घरची. बोजारा म्हणून मिळालेले पैसे ती आजीकडेच ठेवायला देते.

---

शिक्षिका_कामठी

शाळेच्या बाजूने लिहिते. माझ्या वर्गात अशी मुलं येऊन गेली आहेत. पालकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा त्याला हक्क आहे. कुठल्या शाळेने 'दोन वर्ग खाली घालू' म्हटलं तर ही तरतूद दाखवा. दहा वर्षांच्या मुलाला सात वर्षांच्या मुलांत बसवलं की ते अभ्यास नाही शिकत, लाज शिकते.

दुसरं, वर्गशिक्षिकेशी आधी बोला. 'आपला बाळपणीचा फोटो आणा', 'वंशवृक्ष काढा', 'आईने सांगितलेली तुझ्या जन्माची गोष्ट लिही' असे उपक्रम तिसरी-चौथीत हमखास येतात. मी माझ्या वर्गात ते बदलले. आता 'मला जपणारी माणसं' असं चित्र काढायला सांगते. त्यात कुणी आजी काढते, कुणी शेजारची काकू, एका मुलाने रिक्षावाले काका काढले. कुणाचीच वही कोरी राहत नाही. पण सगळ्यांना किती सांगायचं हे मुलाला विचारून ठरवा. काही मुलांना वर्गात माहीत असलेलं चालतं, काहींना अजिबात नाही.

---

निशिगंध

सगळ्यांचे आभार. आणखी एक विचारते, कारण रात्री हेच मनात येतं. दत्तक घेतलेली मुलं लोक परत करतात असं वाचलं. हे खरंच होतं?

---

पळसफूल

होतं. आणि परत आलेल्यांत सहा वर्षांवरची मुलं पुष्कळ असतात. एकदा आईबापांनी परत आणून सोडलेलं मूल मी जवळून पाहिलं आहे, आणि त्याबद्दल लिहिताना आजही हात जड होतो. त्याला वाटत होतं की त्याने ग्लास फोडला म्हणून.

असं का होतं? एक कारण म्हणजे तयारीसाठी वेळ फार थोडा मिळतो. पोर्टलवर मुलाची माहिती आली की ४८ तासांत त्याला राखून ठेवायचं, मग ३० दिवसांत स्वीकार कळवायचा, आणि स्वीकारापासून दहा दिवसांत मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी न्यायचं. तान्ह्या बाळासाठी हे ठीक आहे, बाळाला लवकर कुशीत घेतलेलंच बरं. दहा वर्षांच्या मुलासाठी मी म्हणेन, त्या ३० दिवसांतला प्रत्येक दिवस वापरा. भेटायला जा, पुन्हा जा, संस्थेत बसून त्याच्याबरोबर अभ्यास करा, जेवा. संस्थेच्या समुपदेशकाला खोदून खोदून विचारा, की याला कशाची भीती वाटते, हा चिडतो तेव्हा काय करतो, याला भाऊ-बहीण आहे का. सख्खी भावंडं असतील तर ती एकत्रच जावीत असा प्रयत्न असतो, आणि तसंच व्हायला हवं.

दुसरं कारण पालकांच्या मनातलं आहे. मूल 'आभारी' असेल असं त्यांना वाटतं. मूल आभारी नसतं. ते सुरुवातीला अतिशय शहाण्यासारखं वागतं, सगळ्यांचं ऐकतं, आणि लोक म्हणतात किती गुणी आहे. महिन्या-दोन महिन्यांनी जरा विश्वास वाटला की ते उफाळून येतं. खोटं बोलणं, पोळ्या उशीखाली लपवणं, अंथरूण ओलं होणं. नेमकं त्याच वेळी पालक घाबरतात. खरं तर मूल तेव्हाच घरात येत असतं.

दत्तकानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो. त्या भेटीला परीक्षा समजून सगळं छान चाललंय असं सांगू नका. अडचण सांगा, त्यासाठीच त्या भेटी असतात.

कायद्यात मुलाच्या इच्छेलाही स्थान आहे. आदेश देताना मुलाचं वय आणि समज पाहून त्याच्या इच्छेचा विचार झाला आहे, ही खात्री करून घ्यायची असते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ सप्टेंबर २०२२ पासून, दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हादंडाधिकारी देतात. तिथे मुलाला काय विचारतील, कोण असेल, हे त्याला आधी नीट सांगा. 'साहेबांसमोर हो म्हण' असं पढवू नका.

---

अठरानंतर

बरेच दिवस वाचतो आहे, आज लिहायचं ठरवलं.

मी सहा वर्षांचा असताना संस्थेत आलो आणि अठराचा होऊन बाहेर पडलो. आता हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला आहे, खोली करून राहतो. मला कुणी दत्तक घेतलं नाही. घेऊ शकतही नव्हतं, कारण माझी आई होती. ती वर्षातून एकदा यायची, कधी दोन वर्षांतून एकदा. येताना बिस्किटाचा पुडा आणायची. तिच्या येण्यामुळे कागदावर मी दत्तकासाठी कधी मोकळा झालो नाही. मी तिला दोष देत नाही. ती आजारी होती आणि तिला स्वतःलाच राहायला जागा नव्हती.

रविवारी वाढदिवसवाले यायचे. कुणाच्या मुलाचा वाढदिवस असायचा, समोसा, केक, एक एक पेन. आम्ही रांगेत उभं राहून गाणं म्हणायचो. मग फोटो. ते लोक वाईट नव्हते, पण सगळे लहान मुलांनाच उचलून घ्यायचे. मी सात-आठ वर्षांचा झाल्यावर मला कुणी उचललं नाही. मला ते कळत होतं. दहा वर्षांचा झालो तेव्हा पाहुणे आले की मी आपण होऊन भांडी घासायला आत जायचो.

लहान मुलं जायची. एक दिवस गाडी यायची, बाळाला नवे कपडे घालायचे, फुलं, फोटो. आम्ही मोठी मुलं गेटपर्यंत सोडायला जायचो. ज्या बाळाला मी वर्षभर दूध पाजलं होतं ते गेलं तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पन्नास ताटं असायची.

मला दुसरी आई हवी होती का? नाही. कुणी तेव्हा विचारलं असतं तर मी नाहीच म्हणालो असतो. पण घर हवं होतं. शाळेतून आलो की कुणीतरी 'आज काय शिकवलं' विचारणारं. बारावीचा फॉर्म भरताना शेजारी बसणारं. अठरा झाल्यावर नोकरी गेली तर दोन महिने जाऊन राहता येईल असं एक दार. दत्तक आणि संस्था यांच्या मधलं असं काही आहे का, हे इथल्या जाणकारांनी सांगावं. आज माझ्यासाठी नाही, पण जी मुलं आत आहेत त्यांच्यासाठी.

---

मानेवाडा_रिंगरोड

भाऊ, तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल तुम्हाला मनापासून नमस्कार. भांडी घासायला आत जाणारा मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

धाग्यावरच्या सगळ्यांना एक सांगते. संस्थेत वाढदिवस करायचा असेल तर तो तिथल्या एखाद्या मुलाचा करा, आणि पुढच्या महिन्यात वाढदिवस नसताना जा.

---

पळसफूल

अठरानंतर, तुम्ही विचारलं ते आहे. त्याला फॉस्टर केअर म्हणजे प्रतिपालकत्व म्हणतात. मूल कुटुंबात राहतं, त्याचं नाव आणि जन्मदात्यांशी असलेलं कायदेशीर नातं तसंच राहतं. आपल्याकडे हे फार कमी झालं आहे, आणि त्याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण बालगृहातली बहुतांश मुलं तुमच्यासारखीच असतात. पूर्ण अनाथ थोडी. कुणाची आई येते, कुणाचा मामा दोन वर्षांपूर्वी येऊन गेला, कुणाचा बाप आहे पण त्याच्याकडे पाठवणं धोक्याचं आहे.

२०२४ मध्ये केंद्राने फॉस्टर केअरची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ज्यांना भेटायला कुणीच येत नाही किंवा ज्यांचे पालक सांभाळायला अयोग्य ठरले आहेत अशी सहा वर्षांवरची मुलं त्यात येतात. आधी फक्त विवाहित जोडप्यांना घेता यायचं, आता ३५ ते ६० वयाची एकटी व्यक्तीही घेऊ शकते. आणि मूल कायदेशीररीत्या मोकळं असेल, तर दोन वर्षं त्याच कुटुंबात राहिल्यावर त्या कुटुंबाला त्याला दत्तक घेता येतं. आधी त्यासाठी पाच वर्षं लागायची. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या दत्तक महिन्याचा विषयच मोठ्या मुलांचं प्रतिपालकत्व हा होता.

आणखी एक घडलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं, की बालगृहांतली अनाथ, सोडून दिलेली, पालकांनी स्वाधीन केलेली मुलं शोधण्यासाठी दर दोन महिन्यांनी मोहीम घ्या. वर्षानुवर्षं फाईल न उघडल्यामुळे मुलं तिथेच मोठी होतात, हेच त्यामागचं दुखणं. कायद्यात बाल कल्याण समितीला चौकशी संपवून दोन वर्षांवरच्या मुलाला मोकळं जाहीर करायला चार महिने दिले आहेत. चार महिने! मुलाच्या वयाच्या दृष्टीने तेही कमी नाहीत, आणि प्रत्यक्षात मूल तिसरीतून सातवीत जातं.

घर आहे पण पैसा नाही, एवढ्यासाठी मूल संस्थेत येऊ नये म्हणून राज्यात बालसंगोपन योजना आहे. क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ती आता चालते, दरमहा २,२५० रुपये मिळतात. तुमच्या आईसारख्या बायांपर्यंत ही माहिती वेळेवर पोचली तर किती मुलं घरीच राहतील. ओळखीत कुणी विधवा, परित्यक्ता, आजारी पालक असेल तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाचा रस्ता दाखवा.

---

धरमपेठी

संस्थांबद्दल सरसकट वाईट मत होऊ नये म्हणून लिहितो. वझ्झरचे शंकरबाबा पापळकर आपल्या विदर्भातलेच. शंभरावर दिव्यांग, बेवारस मुलांना त्यांनी वाढवलं, स्वतःचं आडनाव दिलं. २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे वाढलेली माला पापळकर, दृष्टी नसताना एमपीएससीची परीक्षा उत्तीर्ण झाली आणि आपल्या नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात रुजू झाली. मग मोठ्या मुलाला घरच हवं असं का म्हणायचं?

---

अठरानंतर

दादा, शंकरबाबांबद्दल मला अतिशय आदर आहे. पण त्यांनी काय केलं ते पहा ना. अठरा झाले म्हणून मुलांना बाहेर काढू नका, हीच मागणी ते वर्षानुवर्षं करत आले. आडनाव दिलं, लग्नं लावली, मुलींना माहेर दिलं. ते घरच झालं की. माझ्या संस्थेतल्या लोकांनीही मला मारलं-झोडलं नाही, शिकवलं. पण अठराव्या वाढदिवसाला माझं ताट बंद झालं. अनुरक्षणगृहात एकवीसपर्यंत राहता येतं, पण तिथे जागा मिळावी लागते. राज्यात अनाथांना २०१८ पासून एक टक्का आरक्षण आहे, ते फार चांगलं आहे, माझ्या दोन मित्रांना त्याचा उपयोग झाला. पण नोकरी लागल्यावर पेढे कुणाला द्यायचे, हे आरक्षण सांगत नाही.

---

अजनी_लोकल

मी ३८ वर्षांची, अविवाहित, सरकारी नोकरीत. आईबरोबर राहते. दहा-बारा वर्षांची मुलगी घ्यायची मनापासून इच्छा आहे. ऑफिसात लोक म्हणतात एकटीला देत नाहीत. आणि रजेचं काय?

---

पळसफूल

देतात. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी, दोन्ही दत्तक घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. दहा वर्षांच्या मुलीसाठी २५ वर्षांच्या अंतराची अट तुम्ही पूर्ण करता, बारा वर्षांच्या मुलीसाठीही, तेरापर्यंत. ज्या मुलांना क्रमाने दाखवूनही कुणी स्वीकारलं नाही त्यांची पोर्टलवर वेगळी यादी असते, तिथे ज्येष्ठता क्रमाची वाट पाहावी लागत नाही. त्या यादीत मोठी मुलं आणि भावंडं असतात.

रजेचं दुखणं खरं होतं. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत दत्तक आईला १२ आठवडे दिले, पण तेव्हा ते फक्त तीन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी होते. दहा वर्षांच्या मुलीला पहिल्या महिन्यात आई घरी लागत नाही, असं कायदा करणाऱ्यांना वाटलं असावं. ते चूक होतं असं मी जिथे संधी मिळेल तिथे बोलत आले. तुमच्या आस्थापनेचे नियम काय आहेत ते लेखी विचारा, अर्जित रजा साठवून ठेवा, आणि जमलं तर मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी येईल असं पाहा.

---

मानेवाडा_रिंगरोड

अजनी ताई, तुमच्या आई घरी आहेत ही फार मोठी गोष्ट आहे. आमच्याकडे आजी नसती तर काय झालं असतं मला माहीत नाही. मुलीने मला 'आई' म्हणायच्या कितीतरी आधी तिला 'आजी' म्हटलं. आईची जागा तिच्या मनात दुसऱ्या कुणाची तरी होती, आजीची जागा रिकामी होती. मला बरेच दिवस 'काकू' म्हणायची. मी ते दुरुस्त केलं नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा

सगळं वाचलं. अठरानंतरवाल्या भावाचं वाचून जेवण गेलं नाही. मावसभावाले हा धागा पाठवला. त्याची माय काय म्हणते ते पाहू. एक विचारतो, त्याले आधीच्या दोन पोरी हायेत. चालते का?

---

पळसफूल

दोन किंवा जास्त मुलं असलेल्या जोडप्याला विशेष गरजा असलेली किंवा ज्यांना सहज पालक मिळत नाहीत अशीच मुलं घेता येतात. म्हणजे मोठं मूल मिळू शकतं. पण आधी त्या दोन पोरींना बसवून विचारा. घरात येणारं मूल त्यांच्या वयाच्या मधलं असेल तर मोठीचं मोठेपण आणि धाकटीचं धाकटेपण दोन्ही हलतं. त्यांचा होकार नुसता तोंडचा आहे का, ते पाहा.

---

काटोलकर

हा धागा वर काढतो आहे. तेव्हा फक्त वाचत होतो. मी ५२, सौ. ४९. आमची बेरीज १०१, म्हणजे आठ वर्षांवरचंच मूल. नातेवाइकांनी म्हातारपणी हे काय म्हणून वेड्यात काढलं. तरी नोंदणी केली, गृहभेट झाली. पोर्टलवर एका मुलाची माहिती आली, अकरा वर्षांचा आहे, आम्ही त्याला राखून ठेवलं आहे. शनिवारी पहिल्यांदा भेटायला जायचं आहे. सौ. दोन दिवस झाले सारखं विचारते आहे, काय घेऊन जायचं? सायकल घेऊ का? संत्राबर्फी? कुणी सांगा.

---

मानेवाडा_रिंगरोड

दादा, वहिनी, वाचून काय वाटलं ते लिहिता येत नाही. सायकल नको. महागाचं काहीच नको, एकट्या त्यालाच मिळालं तर इतर मुलांसमोर तो अवघडतो आणि त्याला वाटतं आता 'हो' म्हणणं भाग आहे. बर्फी न्या, पण सगळ्यांना पुरेल एवढी.

घराचे फोटो न्या. फोनमधले नको, छापून, एका लहान अल्बममध्ये, म्हणजे तो ते ठेवून घेऊ शकेल. फाटक, अंगण, गाय असेल तर गाय, तो झोपेल ती जागा, शाळा, तुमची मोटारसायकल. प्रत्येकाखाली नाव लिहा. 'आम्हाला आई-बाबा म्हण' असं म्हणू नका. त्याचा फोटो काढू नका. तुम्ही सगळं विचारलं तसं त्यालाही तुम्हाला विचारू द्या. आमच्या मुलीने पहिल्या भेटीत विचारलं होतं, तुम्ही रागावलात की काय करता? खरं उत्तर द्या.

---

अठरानंतर

काका, काकू, एक माझ्याकडून. निघताना पुढच्या वेळी कधी येणार ते वार आणि वेळ सांगून या, आणि त्या वेळेला पोचा. काटोलहून येताना बस उशिरा आली तर संस्थेत फोन करून त्याला निरोप द्यायला सांगा. 'येऊ लवकरच' म्हणू नका. तो त्या दिवसापासून गेटकडे बघत बसेल.